उघाडीची वरची फळी

माझ्या पाठीवर तीळ कुठे आहे ते नवऱ्याला ठाऊक होतं, माझी कुठली दाढ दुखते ते मुलीला ठाऊक आहे. पण हे — हे कुणालाच ठाऊक नाही. आईला कळू दिलं नाही, ती गेली. नवऱ्याला सांगेन सांगेन म्हणत चाळीस वर्षं काढली, तोही गेला. आता ऐंशी ओलांडली आहे आणि तुम्ही समोर बसल्यासारखं वाटतंय, म्हणून तुम्हाला सांगते.

तीस वर्षं मी मराठी शाळेत मास्तरीण होते. खोटं बोलणाऱ्या पोराला मी कोपऱ्यात उभं करत असे, घंटा होईपर्यंत. माझी जीभ तिखट, सगळ्या केंद्रात प्रसिद्ध. हेडमास्तरांनासुद्धा तोंडावर सुनावणारी बाई — अशी माझी ख्याती. आणि एकदा, सोळाव्या वर्षी, जिथं बोलायचं तिथं ही जीभ टाळ्याला चिकटली. नाही, तेही खरं नाही. बोलली की. बोलली तेच तर सांगायचं आहे.

सरळ सांगून टाकावं ना? सांगते, पण आधी बाबद्दल, माझ्या बापाबद्दल, सांगू द्या.

आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीवर. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भातशेती, आणि मध्ये माणसांनी हातांनी घातलेला मातीचा बांध. बांध म्हणजेच गाव, असं समजा. त्या बांधात पाण्याला येण्याजाण्याचं एक दार ठेवलेलं असतं, त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. दोन दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत एकावर एक बसवलेल्या लाकडी फळ्या, आणि फटींत दाबलेला चिखल-पेंढा. ओहोटीला फळ्या काढायच्या, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. भरती चढायच्या आत फळ्या परत बसवायच्या. एवढंच काम. पण ते चुकलं तर खारं पाणी शेतात, आणि एकदा खारं झालेलं शेत दोन-तीन पावसाळे धुतल्याशिवाय पीक देत नाही. म्हणून अमावास्या-पुनवेला उधाणाची भरती चढत असताना त्या फळ्यांना कुणी बोट लावायचं नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. हे काम आमच्या घराकडे होतं. आजा करत होता, मग बा.

बा दारू प्यायचा. हेही गावातल्या शेंबड्या पोराला माहीत. दारूबंदीचे दिवस, तरी खाडीकाठच्या झाडोऱ्यात, खाजणात, भट्ट्या लागायच्या आणि बाला त्या वासावरून सापडायच्या. प्याला की तो मारायचा नाही, भांडायचा नाही — विसरायचा. रात्री काय बोलला, कुणाच्या पडवीत झोपला, पायातलं पायताण कुठं टाकलं, सकाळी काहीच आठवायचं नाही. मग आईला विचारत बसायचा, ‘मी काय केलं गो?’ हे विसरणं ध्यानात ठेवा.

एवढं असून उघाडी मात्र त्यानं एकदाही चुकवली नव्हती. पण लोक काय, उघाडी बघत नाहीत, माणसाचा झोक जातो तेवढा बघतात. मला गावात नाव नव्हतंच. पाण्यावर गेले की बायका म्हणायच्या, ‘दारुड्याची मथी आली.’ मी आधीच ताडमाड वाढलेली, पुढचे दात बाहेर, परकर कितीही खाली ओढला तरी घोटे उघडे. मला वाटायचं, सगळा गाव फक्त माझे घोटे आणि माझा बाप बघतोय.

त्या वर्षी ज्येष्ठात आई धाकट्या भावाला कडेवर मारून तळा गावाला माहेरी निघून गेली. मला मागे ठेवून गेली. का? तर बाला भाकरी कोण घालणार? माझा तिच्यावर राग होता, आता लपवून काय करू, अजूनही थोडा आहे. मामानं बाला निरोप धाडला की दसऱ्यापर्यंत थेंब घेतला नाहीस तर बहिणीला स्वतः आणून पोचवतो. बानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सोडली. अशी सोडली की पहिले पंधरा दिवस घामानं अंथरूण भिजायचं आणि हात इतके कापायचे की पेज सांडायची. मी मनात म्हणायचे, बघू किती दिवस टिकतंय. श्रावण गेला, गणपती गेले. तो टिकला. फक्त हातांचं कापणं तेवढं थांबलं नाही.

आणि त्याच दिवसांत वसंता.

वसंता म्हणजे दाजींचा मधला. दाजी गावचे मोठे पंच, बांधालगतची सगळ्यात चांगली शेतं त्यांची. वसंता अलिबागला हायस्कूलात शिकायचा, सुट्टीला यायचा. बोलणं शुद्ध, शर्टाला इस्त्री. मी सातवीतून घरी बसलेली, पण फायनलच्या परीक्षेला बसायची हौस होती, तर त्यानं आपली जुनी पुस्तकं मला आणून दिली. देताना ‘मथुरा’ म्हणाला. दारुड्याची मथी नाही, नुसती मथी नाही, मथुरा. आता हसाल, पण मी घरी येऊन चुलीपुढं बसून ते नाव स्वतःशीच दहा वेळा म्हणून पाहिलं. प्रेम म्हणजे दुसरं काय असतं हो त्या वयात? कुणीतरी आपलं पुरं नाव घेतं.

झालं ते सर्वपित्रीच्या दिवशी.

त्या दिवशी आमच्याकडे पितरांना पान दाखवतात. मेलेल्या माणसाला जिवंतपणी जे आवडायचं ते पानात हवंच, मग वडे असोत, खीर असो, मासळी असो. आमच्या आज्याला दारू आवडायची. म्हणून बंदी असो नसो, त्याच्या पानाशेजारी एक वाटी ठेवायचीच. बानं त्या दिवशी पहाटे दुसऱ्या कुणाकडून ती आणवली, स्वतः हात लावला नाही. वाटीत मी ओतली. पान मी वाढलं.

आदल्या दिवशी वसंता भेटला होता. म्हणाला, आमच्या आजोबांच्या पानाला जिताडा लागतो आणि यंदा कुठंच मिळत नाहीये, आई कातावली आहे. एवढंच म्हणाला. मागितला नाही, हे मी आज शपथेवर सांगते. मीच म्हणाले, उद्या देते. जिताडा भरतीच्या पाण्याबरोबर फळ्यांच्या तोंडाशी येतो, वरची फळी काढली की पाणी आत पडतं आणि मासा त्याच्याबरोबर आत उडी घेतो, खाली जाळं धरलं की झालं. बाला ओहोटीच्या आसपास, साध्या दिवशी, असं करताना मी पाहिलं होतं. अमावास्येला नाही. कधीच नाही. पण माझ्या डोळ्यांपुढं काय होतं? वसंताची आई, तिच्या हातात हातभर जिताडा, आणि ‘कुणी दिला?’ या प्रश्नावर माझं नाव.

अमावास्येची भरती दुपारी साडेबाराच्या सुमारास पुरी होते. बानं सकाळी पाणी सोडलं, वेळेत फळ्या बसवल्या, चिखल-पेंढा दाबला, आणि दगडासारखं पक्कं करून अकराच्या आधी घरी आला, आंघोळ करून पान दाखवायला. उघाडीवर कुणी नव्हतं ते फक्त त्या अर्ध्या-पाऊण तासात. मी म्हणाले, पाण्याला जाते. हंडा कुंपणाआड ठेवला आणि बांधावर पळाले. वसंता जाळं घेऊन आला होता. आणि तो म्हणाला — हेही सांगितलं पाहिजे — ‘राहू दे मथुरा, पाणी फार आहे.’

मी हसले. म्हणाले, उघाडी आमच्या घरची आहे.

चिखल बोटांनी उकरला. फळी हलवली. वर ओढली. पाणी तिच्या कडेला पोचलेलंच होतं, त्यानं असा धक्का दिला की फळी माझ्या हातातून निसटली आणि पाण्याबरोबर आत शेतात वाहत गेली. मासा वगैरे काही आला नाही. नुसतं पाणी आलं. आम्ही दोघांनी अंगानं अडवून पाहिलं, ते काय अडणार? वसंताचा चेहरा पांढराफटक. तो दाजींच्या शेताकडे बघत होता, भात नुकतं निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडल्या होत्या. मग तो बांधावरून एका दिशेला पळाला आणि मी दुसऱ्या.

इथपर्यंतची चूक पोरीची चूक आहे. तिला मी केव्हाच माफ केलं असतं. पण आता ऐका.

मी घरी पोचले तेव्हा बा अंगणात उभा होता. हातात वाटी, काठोकाठ भरलेली, मी ओतली होती तशीच. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं बोटं बुडवून पानावर शिंपडली, आणि उरलेली कुंपणाच्या मुळाशी ओतताना हात हलला, अर्धी त्याच्या बंडीवर सांडली. पान त्यानं छपरावर ठेवलं आणि कावळ्याची वाट बघत राहिला. कावळा येईना. बा आपल्या मेलेल्या बापाशी हळू आवाजात बोलत होता की घे रं बाबा, दसऱ्याला तुझी सून येतंय घरला, आता सगलं बरं हाय.

भरती पुरी व्हायला अजून निदान पाऊण तास होता. ‘बा, वरची फळी गेली’ एवढं म्हटलं असतं तर तो धावला असता, चार माणसं हाकारली असती, माती टाकली असती. बांध वाचला असता. मला मार बसला असता — नाही, मारही बसला नसता, त्यानं मला कधी मारलंच नव्हतं. मग मी का बोलले नाही? भीती? वसंताचं नाव येईल म्हणून? की बांधावर मुलाबरोबर एकटी होते हे बायकांना कळेल म्हणून? सगळंच. मी आत जाऊन चुलीपुढं बसले. अंगावर चिखल होता तो धुतला. कावळ्याची वाट बघणाऱ्या माणसाला मी वाट बघू दिली.

मग आरोळी आली. वाहत्या पाण्यानं खांबाशेजारची माती खाल्ली होती आणि बांधाला खांड पडली होती, बैलगाडी जाईल एवढी. सगळा गाव धावला, बायका ओच्यांतून माती वाहत होत्या, बा गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहून खांबाला मिठी मारून ओरडत होता, मी बसवल्या व्हत्या, मी बसवल्या व्हत्या. त्याच्या बंडीला दारूचा वास येत होता. बाजूला उभ्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. आणखी काय लागतं?

दुसऱ्या दिवशी मारुतीपुढं पंच बसले. वरची फळी आत शेतात सापडली होती, तेव्हा दाजींचं म्हणणं साधं होतं — चिखल धड दाबला नव्हता, कारण दाबणारा शुद्धीत नव्हता. बानं चार महिन्यांत थेंब घेतला नाही असं सांगितलं. लोक हसले नाहीत, तेवढं बरं. तो पितरांच्या वाटीचं सांगायला लागला, तर कुणी तरी म्हणालं, ‘पितरांनी तुझ्या बंडीतून घेतली वाटतं.’ तेव्हा हसले.

मग दाजींनी मला पुढं बोलावलं. आवाज मायेचा होता. म्हणाले, ‘पोरी, पान तू वाढलंस. घरात तू होतीस. वाटीतली त्यानं घेतली का न्हाय, एवढंच सांग.’

वसंता बापामागं उभा होता. जमिनीकडे बघत होता. मी त्याच्याकडे पाहिलं, मग बाकडे पाहिलं. बा माझ्याकडे मोकळ्या चेहऱ्यानं बघत होता, सुटल्यासारखा. त्याला वाटलं, आता मथी सांगेल आणि संपेल हे सगळं.

मी म्हणाले, ‘घेतली.’

हे ते. एक शब्द. पासष्ट वर्षं झाली.

तो माझ्यावर ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडला असता तर कदाचित मी फुटले असते. पण त्याच्या चेहऱ्यावर राग आलाच नाही. तो गोंधळला. कपाळाला हात लावून उभा राहिला आणि दाजींना म्हणाला, ‘मंग घेतली असंल. माझ्या ध्यानात न्हाय. पोर कशाला खोटं बोलंल?’

कळलं तुम्हाला? त्याचा माझ्यावर स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता. आयुष्यभर विसरत आलेला माणूस, त्याला वाटलं, हेही विसरलो. एक धड दिवस त्याच्या ध्यानात होता आणि तो मी काढून घेतला.

उघाडी आमच्या घराकडून गेली. त्या दिवसानंतर बा बांधावरून कधी चालला नाही, लांबून शेताशेतांतून जायचा. शेतं तीन पावसाळे खारी राहिली, गावातली अर्धी माणसं मिठागरावर कामाला लागली, आणि त्यांच्या बायका मला पाण्यावर काय काय म्हणाल्या ते मी सांगत नाही, कारण त्या शिव्या माझ्या नव्हत्या, बाच्या नावानं होत्या. तळ्याला बातमी पोचायला आठ दिवसही लागले नाहीत. दसऱ्याला आई आली नाही. बा सकाळपासून पडवीत बसून होता, नवी टोपी घालून. दुपारी उठला, टोपी खुंटीला अडकवली आणि खाजणाकडे गेला. मी वाटेत आडवी उभी राहिले तर म्हणाला, ‘पितोच हाय ना मी? तूच बोललीस की.’ टोमणा नव्हता तो. त्याला टोमणे मारता यायचे नाहीत, टोमणे मारणारी घरात मी.

वसंता दिवाळीत भेटला, देवळामागं. म्हणाला, बरं झालं तू बोलली नाहीस. आणि तुम्हाला खरं सांगते — मला आनंद झाला. घरात बा पिऊन पडलेला असताना मी त्या वाक्यावर महिनाभर जगले. मग तो यायचा कमी झाला, मग मुंबईला कापडगिरणीच्या कचेरीत लागला, मग त्याचं लग्न ठरलं. त्याला मी दोष देत नाही. ‘राहू दे’ म्हणणारा तोच होता. शब्द माझ्या तोंडातून गेला, त्याच्या नाही.

आई त्याच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी आली, बाच्या दिवसांना. मरेपर्यंत म्हणायची, ‘चार महिने पाळलंन, पन दसऱ्यापर्यंत धीर धरवला न्हाय मेल्याला.’ मी शेजारी बसून भाजी निवडत असायचे. माझी जीभ इतकी तिखट, तरी हू का चू नाही.

आता शेवटचं. हे त्या एका शब्दाहून वाईट आहे, म्हणून मागं ठेवलं.

बा जायच्या आधी दहा-बारा दिवसांची गोष्ट. पोट फुगलेलं, डोळे पिवळे, पण त्या सकाळी चांगला शुद्धीवर होता. मी त्याला पेज भरवत होते. घरात आम्ही दोघंच. पंच नव्हते, गाव नव्हता, वसंताचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. आता मला कसली भीती होती? कुणाचं नाव वाचवायचं होतं? बा पेज गिळून म्हणाला, ‘मथे, त्या दिशी मी किती घेतली व्हती गो? लय आठवून बघतो, पन पेल्याचं काय ध्यानातच येत न्हाय. ध्यानात येतं ते फल्या दाबल्याचं.’

मला म्हणता आलं असतं की बा, तुला बरोबर आठवतंय. चार शब्द होते. तो दहा दिवस तरी सरळ मानेनं जगला असता.

पण मग त्यानं विचारलं असतं ना, की फळी कुणी काढली?

मी चमचा परत पेजेत घातला आणि म्हणाले, ‘दोन घोट.’

त्यानं थोडा वेळ विचार केला. मग मान हलवली, आणि त्याला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं.

‘दोनच ना?’ तो म्हणाला. ‘मला वाटलं, जास्ती असंल.’